पायाला भिंगरी असलेल्यांचा प्रवास: मन निवळायला जागा कशी ठेवावी

काही माणसांना जायची हाक आतूनच येते. सगळं सुरळीत चाललेलं असतं, तरी एखाद्या दिवशी कशात मन लागत नाही, नकाशा उघडला जातो, तिकिटं शोधली जातात. हुरहूर म्हणावी, तर ती कशाची हे सांगता येत नाही. मग माणूस निघतो. पहिले दोन दिवस अंगावरून ओझं उतरल्यासारखं वाटतं, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी तीच हुरहूर एका अनोळखी खोलीत समोर येऊन बसते, घरी होती त्याहून मोठी होऊन. अशा वेळी बहुतेकांना वाटतं की आपली जागा चुकली. ते पुढचं तिकीट काढतात.

जागा चुकलेली नसते. प्रवास मन ढवळतो, तळाचा गाळ वर आणतो. ढवळलेलं पाणी निवळायचं तर भांडं थोडा वेळ एका जागी ठेवावं लागतं, आणि अस्वस्थ माणसाच्या प्रवासात नेमका हाच वेळ नसतो. तो कुठे, किती आणि कसा ठेवायचा, ते इथे सांगितलं आहे.

निघण्याआधी: ओढ की पळ?

कशाकडे तरी जायची ओढ आणि कशापासून तरी पळ, या दोन्ही गोष्टी तिकीट काढताना सारख्याच भासतात. त्या वेगळ्या करायला कागदावर दोन प्रश्न लिहा. पहिला: तिथे पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता मी काय करत असेन? ओढ असेल तर उत्तर येतं, अमुक वाटेने चालत असेन, अमुक घाटावर बसलेला असेन. पळ असेल तर चित्र निघण्याच्या क्षणाशीच संपतं: गाडी सुटली, फोन बंद केला, पुढे सगळं कोरं. दुसरा प्रश्न: परत आल्यावर पहिल्या कामाच्या दिवशी कोणती गोष्ट जशीच्या तशी समोर उभी असेल? याचं उत्तर क्षणात आलं आणि त्यासोबत पोटात गोळाही आला, तर पळ नक्की.

पळ असला म्हणून प्रवास रद्द करायची गरज नाही. दमलेल्या माणसाला सुटका हवी असते आणि ती त्याने घ्यावी. फक्त आखणी बदलायची. ठिकाणं निम्मी करायची, आणि निघण्यापूर्वी त्या अडलेल्या गोष्टीत एक तरी पाऊल टाकायचं: राहिलेलं उत्तर पाठवा, भेटीची तारीख ठरवा, 'परत आल्यावर अमुक दिवशी बोलू' एवढं तरी कळवा. अर्धवट टाकलेलं काम सामानासोबत येतं आणि नेमकं रात्री अडीच वाजता उघडतं.

दोन प्रश्नांनी उलगडा झाला नाही, तर आणखी खात्रीची एक पद्धत आहे. स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांना ऋतू आला की पिंजऱ्यातही चैन पडत नाही. दाणा-पाणी, ऊब सगळं असूनही ते रात्रभर फडफडत राहतात. या तगमगीला पक्षिशास्त्रात 'त्सूगउनरुहे' हा जर्मन शब्द आहे. 1966 साली एमलेन या पक्षिशास्त्रज्ञ पितापुत्रांनी ही तगमग टिपायला साधं उपकरण मांडलं: तळाशी शाईची गादी आणि भोवती कागदाचं नरसाळं. पक्षी उडी मारेल त्या बाजूला पावलांचे ठसे उमटायचे आणि त्याला कुठे जायचं आहे ते कागदावर दिसायचं. माणसाच्या तगमगीला ठरलेला ऋतू नसतो आणि ठरलेली दिशाही नसते, पण ठसे मात्र घेता येतात. तीन आठवडे एक छोटी वही जवळ ठेवा. 'निघून जावं' असं वाटलं की वार, वेळ आणि त्याआधीच्या तासाभरात काय घडलं ते एका ओळीत लिहा. बाकी काही लिहू नका, कारणमीमांसा तर मुळीच नको. तीन आठवड्यांनी नोंदी एका पानावर उतरवून बघा. सगळ्या नोंदी सुट्टीच्या शेवटच्या संध्याकाळी दाटल्या असतील, तर प्रश्न कामाचा आहे. एकाच माणसाच्या फोननंतर पडल्या असतील, तर प्रश्न त्या नात्याचा आहे. त्या विखुरलेल्या असतील, चांगल्या दिवशीही येत असतील, तर ती खरी भटकी ओढ, आणि तिला मोकळेपणाने वाट द्यावी.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. सलग चार-पाच दिवस जेमतेम तीन तास झोपूनही ताजंतवानं वाटतंय, विचार धावतायत, खर्चाला हात सैल सुटलाय आणि एकाएकी परतीचं तिकीट न काढता निघायचं मनात आहे, तर ही भटकंतीची हौस समजू नका. निघण्यापूर्वी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. 1886 साली फ्रान्समधल्या बोर्दो शहरात आल्बेर दादास नावाच्या माणसाची नोंद झाली. त्याला झटका आला की तो घरदार सोडून शेकडो मैल चालत जाई, आणि पुढे त्यातलं फारसं काही त्याला आठवत नसे. त्याच्यावर उपचार करणारे फिलिप तिसिए यांनी त्याकडे आजार म्हणूनच पाहिलं, ते योग्यच होतं.

आखणी: ठिकाणं मोजू नका, मुक्काम मोजा

अस्वस्थ माणूस कागदावर नेहमी जास्त ठिकाणं बसवतो, कारण यादी करतानाच त्याला बरं वाटत असतं. म्हणून यादी पूर्ण करा आणि मग तिला हा हिशोब लावा. एका मुक्कामाला कमीत कमी तीन रात्री. एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामाला जाण्याचा दिवस बघण्याच्या दिवसांत धरायचा नाही. दर तीन दिवसांमागे अर्धा दिवस पूर्ण मोकळा, त्यात 'वेळ मिळाला तर' असंही काही लिहायचं नाही. बारा दिवस हाताशी असतील तर या हिशोबाने तीन मुक्काम बसतात. सात बसवले असतील तर चार खोडा. खोडताना जीव तुटतो, पण घरी बसून खोडणं सोपं, वाटेत ते जमत नाही.

तीन रात्रींचा आग्रह हौसेखातर धरलेला नाही. नव्या जागी पहिल्या रात्री मेंदू पुरता झोपतच नाही. ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवलं की अनोळखी जागेतल्या पहिल्या झोपेत मेंदूचा डावा भाग उजव्याइतका गाढ झोपत नाही आणि अनोळखी आवाजाला लवकर जागा होतो, जणू पहाऱ्यावर असतो. पुढच्या झोपेत हा फरक उरत नाही. म्हणजे रोज मुक्काम हलवणारा माणूस रोज पहाऱ्यावर झोपतो. पाच दिवसांनी त्याला जी उदासी येते, ती त्याला फार खोलवरची वाटते. तिच्यातला मोठा भाग निव्वळ अपुऱ्या झोपेचा असतो.

आरक्षण करताना पहिल्या मुक्कामाच्या सगळ्या रात्री आणि परतीच्या आधीची शेवटची रात्र, एवढं पक्कं करा. मधलं थोडं सैल राहिलं तर हरकत नाही. सगळंच सैल ठेवलं तर रोज संध्याकाळी, दमलेल्या डोक्याने, उद्याचा निर्णय घ्यावा लागतो, आणि अस्वस्थ माणसाचे वाईट निर्णय नेमके त्याच वेळी होतात.

सामान निघण्याच्या दोन दिवस आधी भरा. शेवटच्या दिवशी भरलं की 'काहीतरी राहिलं' ही भावना वाटभर पुरते. गॅस, नळ, कुलूप यांचे फोटो निघताना एकदाच काढा. नंतर शंका आली तर फोटो एकदा बघा आणि फोन खिशात टाका. तो पुन्हा पुन्हा उघडून बघत बसलं तर शंका वाढते.

पहिले अठ्ठेचाळीस तास

शक्य असेल तर उजेडी पोहोचा. अंधारात पाहिलेली जागा दुसऱ्या दिवशीही परकी वाटते, कारण तिचा नकाशा डोक्यात उलटासुलटा बसलेला असतो. खोलीत गेल्यावर पिशवी पूर्ण उपसा. कपडे कपाटात, दात घासायचा ब्रश मोरीत, पुस्तक उशाशी. हे फार क्षुल्लक वाटतं, म्हणून बहुतेक जण करत नाहीत. पण भरलेली पिशवी दाराशी दिसत राहिली की मनही दाराशीच उभं राहतं. नंतर वीस मिनिटांची एक फेरी मारा: दारातून निघून डावीकडे, पुन्हा डावीकडे, असं चौकोनात फिरून परत दारापाशी. पाणी कुठे मिळतं, औषधं कुठे, बसायला बरी जागा कुठे, एवढंच बघायचं. ज्यासाठी आलात ते मोठं ठिकाण पहिल्या दिवशी बघू नका. पाहिलं तर ते दमलेल्या डोळ्यांनी पाहिलं जातं आणि 'एवढंच?' ही निराशा मग पुढच्या दिवसांवर सांडते.

संध्याकाळ जपावी. कातरवेळ घरीही जड असते, परक्या जागी तर ती अंगावरच येते. दिव्यांची वेळ व्हायच्या अर्धा तास आधी हाताला काम हवं: कपडे पिळून वाळत घालणं, नोंद लिहिणं, जेवणाला निघणं. या वेळेला नुसतं पलंगावर पडून फोन बघणं हा सगळ्यांत वाईट पर्याय. लोकांची भरलेली घरं दिसतात आणि आपली खोली आणखी रिकामी वाटते.

घरच्यांशी बोलायचं असेल तर दुपारची वेळ ठरवा, रोज एकच, आणि दहा-पंधरा मिनिटं. घरची ओढ किती खरी असते हे वैद्यकाला जुन्या काळापासून ठाऊक आहे. 'नॉस्टॅल्जिया' हा शब्दच मुळी 1688 साली योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने स्वित्झर्लंडमधल्या बाझेल इथल्या प्रबंधात एका आजाराचं नाव म्हणून घडवला. ग्रीकमध्ये 'नोस्तोस' म्हणजे घरी परतणं आणि 'आल्गोस' म्हणजे वेदना. म्हणून ही ओढ लागली तर स्वतःला दुबळं समजू नका. फक्त तिला रात्री दहाला फोन लावू देऊ नका. त्या वेळी आवाज ऐकून ओढ शमत नाही, उलट झोप जाते.

शरीराचं दुखणं मनाच्या खात्यावर टाकू नका

प्रवासातली अर्धी घालमेल शरीरातून येते. विमानाच्या आत हवेचा दाब साधारण 1800 ते 2400 मीटर उंचीवर असतो तितका ठेवलेला असतो आणि हवा कोरडी असते. अपुरी झोप, कमी पाणी, त्यात तीन-चार कप कॉफी, आणि मग छातीत धडधड. कॉफीतलं निम्मं कॅफिन शरीरातून जायला सुमारे पाच तास लागतात, म्हणून दुपारी दोननंतर कॉफी नको. 2500 मीटरच्या वर गेल्यावर डोकेदुखी, मळमळ, झोपेत श्वास अडकून दचकून जाग येणं हे विरळ हवेचे परिणाम असू शकतात. तिथे मनाची समजूत काढत बसू नये. त्रास आहे तोवर आणखी वर चढायचं नाही, आणि तो वाढला तर खाली उतरायचं.

बरेच कालविभाग (टाइम झोन) ओलांडले असतील, तर शरीराचं घड्याळ दिवसाला सुमारे एक तास या गतीने जुळतं. आपलं आतलं घड्याळ चोवीस तासांहून किंचित लांब असल्यामुळे पश्चिमेकडे जाणं सोपं, पूर्वेकडे अवघड. पूर्वेकडे जाताना उजेडाची वेळ चुकते आणि तिथेच गाडं अडतं. समजा तुम्ही घरी सहाला उठता. शरीराचं तापमान उठण्याच्या दोन-तीन तास आधी, म्हणजे चारच्या सुमारास, सर्वांत कमी असतं. त्या क्षणाआधीचा उजेड घड्याळ मागे ढकलतो, नंतरचा पुढे नेतो. आठ तास पूर्वेला गेलात तर घरचे पहाटेचे चार म्हणजे तिथले दुपारचे बारा. तेव्हा पहिल्या दिवशी सकाळी गडद चष्मा आणि सावली, बारानंतर भरपूर ऊन, आणि ही सीमा रोज एक तास अलीकडे आणायची. 'सकाळच्या उन्हात फिरा म्हणजे बरं वाटेल' हा सल्ला या बाबतीत पहिले काही दिवस उलटा पडतो.

नियमित गोळ्या चालू असतील तर बदललेल्या वेळेनुसार त्या कशा घ्यायच्या हे डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. लिथियम (मनाचे टोकाचे चढउतार आवरणारं औषध) घेणाऱ्यांनी उष्ण ठिकाणी पाणी आणि मीठ दोन्ही कमी पडू देऊ नये. घाम आणि जुलाबांनी रक्तातलं लिथियमचं प्रमाण धोक्याइतकं वाढू शकतं. मलेरियासाठी मेफ्लोक्विन लिहून दिलं असेल आणि पूर्वी कधी नैराश्याचा किंवा घबराटीचा त्रास झाला असेल, तर ते आधी सांगा. या औषधाने घबराट आणि भयाण स्वप्नं येऊ शकतात. दुसरी औषधं उपलब्ध आहेत.

चौथ्या दिवसाचा उतार

नवलाई ओसरली की उतार येतोच. परदेशी दीर्घकाळ राहणाऱ्यांबद्दल मानवशास्त्रज्ञ कालेर्व्हो ओबर्ग यांनी 1950च्या दशकात हा क्रम मांडला होता: आधी हरखून जाणं, मग संकट, मग हळूहळू सावरणं. दोन-तीन आठवड्यांच्या प्रवासातही त्याची लहान आवृत्ती दिसते, बहुधा तिसऱ्या ते पाचव्या दिवसांत. खुणा ओळखता येतात. पुढच्या गावाचे फोटो बघितले जातात, इथल्या माणसांचा बारीकसारीक गोष्टींवरून राग येतो, आणि 'आपण मुळात निघालोच का' हा प्रश्न येतो.

या दिवशी एकच नियम पाळा. मुक्काम बदलण्याचा निर्णय एक झोप आणि एक पोटभर जेवण झाल्याशिवाय घ्यायचा नाही. दुसऱ्या सकाळीही निघावंसं वाटलं तर खुशाल निघा. मधल्या वेळात, काल जिथे गेलात तिथेच पुन्हा जा. तीच वाट, तेच बाकडं, शक्य तर तीच वेळ. नवं काही बघायचं नाही. दुसऱ्यांदा गेल्यावर जागा आपल्याला ओळखल्यासारखी वाटते, आणि बहुतेकांचं मन इथेच निवळू लागतं. या अर्ध्या दिवसासाठीच तर आखणीतली चार ठिकाणं खोडली होती.

निवळताना वर काय येईल हे सांगता येत नाही. कुणाला जुनं दुःख आठवतं, कुणाला उगाच रडू येतं, कुणाला लख्ख कळतं की आपण नको त्या कामात दहा वर्षं घातली. येऊ द्या. वहीत तीन ओळी लिहा: आज काय पाहिलं, अंगाला काय जाणवलं, मनात काय आलं. तिसऱ्या ओळीत 'म्हणून मी आता…' असं वाक्य सुरू झालं तर तिथेच थांबा. निष्कर्षाला अजून वेळ आहे.

फार झालं तर

कधी कधी सौंदर्यच सोसत नाही. फ्लोरेन्समधल्या मानसोपचारतज्ज्ञ ग्रात्सिएल्ला मागेरीनी यांनी तिथल्या कलाकृती पाहताना भोवळ, धडधड, गोंधळ असा त्रास होऊन रुग्णालयात आलेल्या शंभराहून अधिक पर्यटकांच्या नोंदी 1989 मध्ये प्रसिद्ध केल्या. स्तांदाल या फ्रेंच लेखकाला 1817च्या सुमारास त्याच शहरात असाच अनुभव आला होता, म्हणून त्यांनी या अवस्थेला त्याचं नाव दिलं. टाळायचा उपाय साधा आहे. संग्रहालय असो वा मोठं देवालय, नव्वद मिनिटांच्या वर सलग थांबू नका, रिकाम्या पोटी जाऊ नका, आणि दालनं सगळी न बघता चार-पाच गोष्टी निवडून त्यांच्यासमोर बसा.

तरी घबराट दाटून आलीच, तर भिंतीला पाठ लावून बसा, दोन्ही तळपाय जमिनीवर पूर्ण टेका. चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, अशी किमान पाच मिनिटं. बाहेर सोडलेला श्वास लांब हवा. घाबरून मोठमोठे श्वास घेतले तर बोटांना मुंग्या येतात आणि भीती आणखी वाढते. घबराटीचा झटका साधारण दहा मिनिटांत शिगेला पोहोचून उतरू लागतो. छातीतली कळ हातात किंवा जबड्यात जात असेल, दरदरून घाम असेल, शुद्ध हरपत असेल, तर मात्र श्वास मोजत बसू नका. मदत मागा आणि रुग्णालय गाठा.

परतणं

सगळ्यांत कमी तयारी याची होते. शेवटचा मुक्काम शांत ठेवा आणि घरी पोहोचल्यावर कामावर जाण्याआधी निदान एक पूर्ण दिवस हातात राहील असं बघा. नेदरलँड्समध्ये 2010 साली दीड हजारांवर लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सुट्टीवर जाणारे लोक जाण्याआधी अधिक आनंदी दिसले, परतल्यावर मात्र न गेलेल्यांत आणि त्यांच्यात फारसा फरक उरला नाही. अपवाद होता तो ज्यांची सुट्टी अगदी निवांत गेली त्यांचा. धावपळीच्या प्रवासातून घरी काही उरत नाही, याला एवढा आधार पुरे.

परतल्यावर दुसरा उतार येतो, आणि तो पहिल्याहून फसवा असतो, कारण आता आपण घरी आहोत आणि घर परकं वाटतंय. पिशवी त्याच दिवशी रिकामी करा. फोटो सगळ्यांना पाठवण्यापेक्षा एका माणसाला समोर बसवून तासभर सांगा. प्रवासातली एक सवय, पहाटेचं चालणं असो वा संध्याकाळची नोंद, आहे त्या वेळेला घरी चालू ठेवा. दोन सवयी आणू नका, दोन्ही सुटतात. पुढच्या प्रवासाचं तिकीट दहा दिवस काढायचं नाही.

राजीनामा, घर बदलणं, नातं तोडणं किंवा जोडणं, असे निर्णय एकवीस दिवस लांबणीवर टाका. तोवर वहीच्या तिसऱ्या ओळी दर रविवारी एकदा वाचा आणि ज्या ओळी अजून खऱ्या वाटतात त्यांच्यापुढे पेन्सिलने टिंब द्या. तीन रविवारी तीन टिंबं मिळालेल्या ओळी सहसा एक किंवा दोनच असतात. त्यांच्यापुढे तारीख घाला आणि त्या दिवशी करायचं पहिलं काम लिहा: कुणाला भेटायचं, काय विचारायचं. बाकीच्या ओळी तशाच राहू द्या. वही पिशवीच्या बाजूच्या कप्प्यात ठेवा, पुढच्या वेळी पहिल्या रात्री झोप लागणार नाही तेव्हा वाचायला.